वाचकांचे प्रश्न : धातू धरणारे दगड

गेल्या अंकात एका प्रश्नाला उत्तर देताना मी असे लिहिले होते की, झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज पाण्यातील जड धातू शोषून घेते. ते वाक्य खोटे नव्हते, परंतु अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाचा भुर्दंड एका वाचकाला सोसावा लागला. म्हणून त्यांचे पत्र प्रथम घेत आहे. त्याच उत्तराच्या निमित्ताने आलेली आणखी चार पत्रे याच विषयाच्या आसपासची असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर पाण्यातील विषारी धातू आणि त्यांना धरून ठेवणारी खनिजे यांच्यासाठी राखले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीजवळ आमचे हार्ड क्रोम प्लेटिंगचे लहान युनिट आहे. आपले उत्तर वाचून मी झिओलाइटची पावडर मागवली आणि धुण्याच्या पाण्याच्या टाकीत हजार लिटरला पाच किलो या हिशेबाने टाकून रात्रभर ढवळली. सकाळी पाणी होते तसेच पिवळे होते. पावडर बनावट होती की मात्रा कमी पडली?
— एक लघुउद्योजक, शिरोली

उत्तर : पावडर खरी असावी आणि मात्राही कमी नव्हती. चूक माझ्या वाक्यात होती, त्याबद्दल प्रथम दिलगिरी व्यक्त करतो.

झिओलाइट हे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचे बनलेले असते. या जाळीत जेथे जेथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेले असते तेथे एक ऋणभार शिल्लक राहतो, आणि तो फेडण्यासाठी जाळीच्या पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे धनभारित आयन येऊन राहिलेले असतात. हे आयन तेथे भाडेकरूसारखे असतात, मालक नव्हेत. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त आणि निकेल हे धातू पाण्यात बहुधा धनभारित आयनांच्या रूपात विरघळलेले असल्यामुळे ते पोकळीत शिरतात, सोडियमला बाहेर काढतात आणि त्याची जागा घेतात. आयन-विनिमय तो हाच. आपल्या टाकीतील क्रोमियम मात्र या रूपात नाही. क्रोमिक ॲसिडच्या बाथमधून, म्हणजे मुलामा देण्याच्या द्रावणातून, येणारे क्रोमियम सहासंयुजी असते आणि पाण्यात ते एकटे न राहता ऑक्सिजनला धरून क्रोमेट किंवा डायक्रोमेट या ऋणभारित आयनांच्या रूपात वावरते. झिओलाइटची भिंत ऋण आणि क्रोमेटही ऋण, त्यामुळे दोघांचे जुळणे शक्यच नव्हते. एक रात्र सोडाच, गणपतीपासून दसऱ्यापर्यंत ढवळले असते तरी पाणी पिवळेच राहिले असते.

यावर उपाय म्हणून दगडाचाच स्वभाव बदलता येतो, आणि ‘सुधारित खनिज’ या शब्दाचा खरा अर्थ येथे कळतो. सोळा कार्बनांची लांब शेपटी आणि टोकाला धनभार असलेला एक साबणासारखा रेणू असतो. केसांच्या कंडिशनरच्या बाटलीवर ‘सेट्रिमोनियम क्लोराइड’ हे जे नाव दिसते तो हाच. झिओलाइटची पूड त्याच्या द्रावणात भिजवली की या रेणूंचा पहिला थर धनभारित डोके दगडाकडे करून चिकटतो. द्रावण पुरेसे दाट असेल तर शेपटीत शेपटी अडकवून दुसरा थर बसतो आणि त्याची धनभारित डोकी बाहेर पाण्याकडे येतात. हा रेणू मोठा असल्याने तो आतल्या पोकळ्यांत शिरत नाही, केवळ पृष्ठभागावर राहतो. त्यामुळे ऋण भिंतीच्या दगडाला बाहेरून धन कातडी मिळते आणि जो क्रोमेट आधी दूर लोटला जात होता तोच आता ओढला जातो. न्यू मेक्सिकोतील रॉबर्ट बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भूजलातील क्रोमेटसाठी अशा झिओलाइटचा बराच अभ्यास केला. दुसरा मार्ग म्हणजे बेंटोनाइट मातीवर धातुरूप लोहाचे अतिसूक्ष्म कण बसवणे. त्यात लोह स्वतः गंजत जाते, सहासंयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करते आणि गंजाच्या थरातच त्याला अडकवते.

हे सर्व वाचून आपण अशी पूड मागवण्याच्या आधी माझे स्पष्ट मत सांगतो : आपल्या युनिटसाठी तो पहिला उपाय नव्हे. प्लेटिंगच्या पाण्यात क्रोमियमचे प्रमाण इतके मोठे असते की कोणताही शोषक दगड थोड्याच अवधीत भरून जातो आणि मग भरलेल्या दगडाचा ढीग सांभाळत बसावे लागते. जुनी, खात्रीची पद्धत आधी वापरावी. पाण्याचा सामू (पीएच) सल्फ्युरिक ॲसिडने २ ते ३ पर्यंत खाली आणावा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे आणि पिवळा रंग जाऊन हिरवट रंग येईपर्यंत थांबावे. कागदावरच्या हिशेबाने १ ग्रॅम सहासंयुजी क्रोमियमला सुमारे पावणेतीन ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागते, प्रत्यक्षात त्याहून अधिक लागते. त्यानंतर चुन्याच्या निवळीने सामू ८ ते ९ वर नेला की त्रिसंयुजी क्रोमियम हायड्रॉक्साइडच्या हिरव्या साक्याच्या रूपाने खाली बसते. या कामात सल्फर डायऑक्साइडचा वायू सुटतो, म्हणून ते बंद खोलीत करू नये. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणजे काम झाले असेही समजू नये. नदीनाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यात सहासंयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि इतक्या कमी प्रमाणात पिवळेपणा डोळ्यांना दिसतच नाही. डायफिनाइल कार्बाझाइडची चाचणी करून पाण्याला जांभळट-गुलाबी छटा येते का ते पाहावे लागते.

साका बसल्यावर वरच्या निवळीत जे थोडे त्रिसंयुजी क्रोमियम आणि निकेल उरते ते धनभारित असते, आणि आपण विकत घेतलेली ती साधी पूड तेथे खरोखर उपयोगी पडेल. म्हणजे पैसे वाया गेले नाहीत, केवळ तिची पाळी आधी लागली.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात लिहावी इतकी महत्त्वाची आहे. आपल्या किंवा शेजारच्या युनिटमध्ये चांदीचे, तांब्याचे किंवा जस्ताचे सायनाइड बाथ असेल तर त्याचे पाणी आणि क्रोमचे पाणी चुकूनही एका गटारात, एका टाकीत येऊ देऊ नये. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड मिसळले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि त्याने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. हुपरीतील चांदीच्या कारागिरांनाही ही सूचना तितकीच लागू आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. काळ्या मातीच्या थरावर मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे पाणी ओतले की खालून रंगहीन पाणी येते, हा प्रयोग मी दरवर्षी आयन-विनिमयाचे उदाहरण म्हणून दाखवतो. या वर्षी नववीतील एका मुलीने विचारले, “सर, आपल्या मातीत चुनखडी असते, तिनेच तांबे खाली बसवले नसेल कशावरून?” मला उत्तर देता आले नाही. शिवाय हीच माती घरच्या पाण्यातील शिसे काढू शकेल का, हेही जाणून घ्यावयाचे आहे.
— एक शिक्षक, गारगोटी

उत्तर : त्या मुलीची शंका रास्त आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या प्रयोगात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असणार. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमातीची खनिजे भरपूर असतात. त्यांचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले असून थरांवर ऋणभार असतो आणि थरांच्या मधल्या फटीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे आयन असतात. पावसात माती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच फटींत पाणी शिरल्याने आणि निघून गेल्याने. तांबे तेथे अदलाबदलीने धरले जाते. त्याचबरोबर मातीतील चुनखडीमुळे सामू वाढतो आणि तांबे कार्बोनेटच्या व हायड्रॉक्साइडच्या हिरवट-निळ्या साक्याच्या रूपाने मातीच्या कणांवर बसते. खालून येणारे पाणी दोन्ही बाबतींत सारखेच रंगहीन दिसते.

दोहोंतील फरक शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येतो. मातीचे दोन भाग करावेत. पहिला भाग जसा आहे तसा ठेवावा. दुसऱ्या भागावर अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडे थोडे टाकून फसफसणे थांबेपर्यंत त्यातील चुनखडी काढावी, पाण्याने अनेकदा धुवावे, मग मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुवावे. आता या दुसऱ्या भागात फटींमध्ये मुख्यतः सोडियम आहे. दोन्हींवर मोरचुदाचे सारखेच पाणी ओतावे, साध्या पाण्याने धुवावे आणि शेवटी मिठाचे दाट पाणी ओतून जे खाली येईल त्यात अमोनियाचे द्रावण घालावे. अदलाबदलीने धरलेले तांबे मिठाच्या सोडियमपुढे बऱ्याच अंशी बाहेर पडते आणि अमोनियामुळे गडद निळा रंग येतो. चुनखडीमुळे साका होऊन बसलेले तांबे मिठाच्या पाण्याला दाद देत नाही, त्याला ॲसिडच लागते. दुसऱ्या भागाच्या पाण्यात निळा रंग अधिक गडद आला तर मुलीला उत्तर मिळाले. थोडे तांबे थरांच्या कडांवर पक्क्या बंधाने बसते आणि तेही मिठाने सुटत नाही, म्हणून हिशेब पूर्ण जुळला नाही तरी निराश होऊ नये. मूळ प्रयोगातसुद्धा केवळ रंगहीन पाण्यावर विश्वास न ठेवता अमोनियाची चाचणी करावी, कारण विरळ द्रावणात तांबे असूनही निळाई दिसत नाही. मोरचूद माशांना घातक असल्याने उरलेले पाणी ओढ्याला जाणाऱ्या गटारात ओतू नये.

सौम्य ॲसिडने धुणे आणि मिठात भिजवणे ही जी कृती आपण वर्गात कराल, ती खनिज सुधारण्याची सर्वांत साधी आणि सर्वांत जुनी रीत आहे. कारखान्यात याच गोष्टी मोजूनमापून केल्या जातात. ॲसिड जरा तीव्र वापरले तर थरांच्या कडा झिजून पृष्ठभाग वाढतो, आणि फार तीव्र वापरले तर थरच विरघळून धारणशक्ती घटते.

आता घरच्या पाण्याविषयी. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची विनिमय क्षमता १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (आयन त्यांच्या भारानुसार मोजण्याचे एकक) असते, तर तांबड्या मातीतील केओलिनाइटची ३ ते १५ इतकीच असते. १०० हा आकडा धरला तर १ ग्रॅम खनिज कागदावर १०३ मिलिग्रॅमहून थोडे अधिक शिसे धरू शकते. हा आकडा फार मोठा वाटतो, कारण भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे. परंतु नळाच्या पाण्यात शिसे एकटे येत नाही. पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅम असेल तर त्यात लिटरमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम-मॅग्नेशियम असते; मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम शिसे असले तरी ते ०.०००५ मिलिइक्विव्हॅलंटसुद्धा भरत नाही. एका शिशामागे आठ हजारांहून अधिक स्पर्धक उभे असतात. तरीही शिशाला आत जागा मिळते, याचे कारण गमतीशीर आहे. पाण्यातील प्रत्येक धनायन आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन घेऊन हिंडतो. शिशाचे वेष्टन तुलनेने सैल असते. पावसातून आलेल्या माणसाने दारात इरले उतरवून आत यावे तसे ते वेष्टन टाकून अरुंद पोकळीत शिरते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे वेष्टन घट्ट असल्याने ते दाराशी अधिक अडखळतात. म्हणून अनेक झिओलाइटांच्या बाबतीत शिसे सर्वांत आधी धरले जाते, कॅडमियम त्यानंतर आणि निकेल बहुधा शेवटी. तथापि कठीण पाण्यात दगडाची क्षमता कागदावरच्या आकड्यापेक्षा फारच लवकर संपते आणि ती संपल्याचे चवीवरून, वासावरून किंवा रंगावरून कळत नाही.

शेतातील माती घरी वापरू नये याची आणखी दोन कारणे आहेत. ती ओली झाली की फुगून चिखल होते आणि पाणी झिरपत नाही. शिवाय तिच्यात जंतू, खते व कीटकनाशकांचे अंश असतात. भाजून घेतली तर जंतू मरतील, परंतु कुंभाराच्या भट्टीत चांगली भाजली की थर एकमेकांवर कायमचे बसतात आणि अदलाबदलीची शक्ती जवळपास नाहीशी होते. माठ पाणी गार करतो, त्यातील शिसे काढत नाही.

जाता जाता : आपल्या गावाच्या नावाचे एक खनिज संग्रहालय सिन्नरला आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, ह्युलँडाइट हे झिओलाइट तेथे पाहण्यासारखे आहेत. झिओलाइट हे नावच मुळी १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी दिले. हा दगड तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो उकळल्यासारखा दिसतो, म्हणून ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’. आपल्याकडचे स्फटिक पोकळ्यांपोकळ्यांतून मिळतात आणि शोकेसमध्ये शोभतात. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरला जाणारा क्लिनोप्टिलोलाइट ह्युलँडाइटचाच सख्खा भाऊ असला, तरी तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जाड थरांतून काढतात. मुलांना सहलीला न्यायचे झाल्यास सिन्नर सुचवतो.

प्रश्न : आमच्या घरची विहीर जांभा दगडात बांधलेली आहे. जांभ्यामुळे पाण्यातले विष उतरते, असे आजोबा सांगत. यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, आजरा

उत्तर : ‘विष’ कोणते यावर ते अवलंबून आहे. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा आणि हायड्रॉक्साइडांचा. सोबत ॲल्युमिनियमचेही हायड्रॉक्साइड असतात, म्हणून तर राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. लोहाच्या या ऑक्साइडांचा पृष्ठभाग सामू साधारण ८ च्या खाली असताना धनभारित असतो आणि पाण्यातील पंचसंयुजी आर्सेनिक ऋणभारित असते, त्यामुळे आर्सेनिक त्यांच्याकडे ओढले जाते. इतकेच नव्हे तर लोह आणि आर्सेनिक यांच्यात ऑक्सिजनमार्फत पक्का रासायनिक बंध तयार होतो आणि मिठाच्या पाण्याने तो सुटत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील सिरशेंदू डे यांनी पश्चिम बंगालमधील आर्सेनिकग्रस्त भागासाठी जांभ्याचेच फिल्टर विकसित केले. त्यात कच्चा जांभा वापरत नाहीत. त्यावर आधी ॲसिडची आणि मग अल्कलीची प्रक्रिया करतात, म्हणजे दगडातील लोह आणि ॲल्युमिनियम विरघळून पुन्हा ताज्या, भुसभुशीत हायड्रॉक्साइडच्या रूपाने त्याच कणांवर बसते आणि आर्सेनिकला चिकटायला कितीतरी पटींनी अधिक जागा मिळते. मद्रासच्या आयआयटीतील टी. प्रदीप यांच्या गटानेही लोहाच्या अतिसूक्ष्म हायड्रॉक्साइडचा उपयोग करून आर्सेनिकचे फिल्टर तयार केले आहेत. खोल बोअरच्या पाण्यात आर्सेनिक त्रिसंयुजी असेल तर त्यावर भारच नसतो. ते आधी क्लोरीनने किंवा मँगनीज ऑक्साइडने पंचसंयुजी करून घ्यावे लागते.

आजोबांच्या सांगण्यात म्हणून थोडे तथ्य आहे, परंतु विहिरीच्या बांधकामातील चिरा पाण्याला फक्त कडेने भिडतो, पाणी त्यातून गाळले जात नाही. शिवाय आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशातला आहे, सह्याद्रीच्या बेसाल्टमधला नव्हे. आपल्या विहिरीसाठी पावसाळ्यानंतर जंतूंची तपासणी करून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्रश्न : नळाच्या पाण्यात तुरटी फिरवली किंवा पाणी उकळले तर शिसे जाते का? पाणी कल्हई केलेल्या तांब्याच्या घागरीत ठेवले तर चालेल का?
— एक गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : उकळल्याने शिसे जात नाही, पाणी वाफ होऊन उडते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे उलट प्रमाण किंचित वाढते. तुरटीचे काम गुऱ्हाळातील भेंडीच्या रसासारखे असते. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी एकत्र गोळा होऊन वर येते आणि झाऱ्याने काढता येते. तुरटीने पाण्यातील गढूळपणा तसाच एकत्र होऊन खाली बसतो. गाळाच्या कणांना चिकटलेले शिसे त्याबरोबर जाईल, पाण्यात विरघळलेले बहुतांश तसेच राहील.

शहरातील घरात शिसे असलेच तर ते बहुधा धरणातून येत नाही, कोल्हापूरला धरणाचे पाणी आणणाऱ्या काळम्मावाडीच्या पाइपलाइनमधूनही नाही. ते घराच्याच आतल्या भागातून येते : जुने पितळी नळ, शिशाची झाळण असलेले सांधे, किंवा शिशाचा स्थिरक (प्लास्टिक टिकाऊ राहावे म्हणून घालतात तो पदार्थ) वापरून केलेले जुने पीव्हीसी पाइप. या स्थिरकांवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. रात्रभर नळात साचून राहिलेल्या पाण्यात शिसे सर्वांत अधिक उतरते. म्हणून सकाळचे पहिले पाणी भांडी घासायला किंवा झाडांना घ्यावे आणि पिण्याचे त्यानंतर भरावे. तपासणीत शिसे आढळलेच तर आरओचा पडदा ते बहुतेक अडवतो.

घागर चालेल, परंतु कल्हई शुद्ध कथलाची असावी. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते आणि झाळकामाचे शिसेमिश्रित कथील १८३ अंशांच्या आसपास वितळते. ते स्वस्त आणि हाताळायला सोपे असल्यामुळे कल्हईवाल्याला त्याचा मोह पडू शकतो. समोर बसून विचारण्यात संकोच करू नये.

प्रश्न : नदीकाठी माझी दोन एकर जमीन आहे, त्यातील निम्मी क्षारपड झाली आहे. एका कारखान्याकडून वापरलेली झिओलाइट पावडर फुकट मिळते आहे. झिओलाइट जमीन सुधारते असे कृषी प्रदर्शनात ऐकले होते. देणारा म्हणतो की, पावडर मिठाच्या पाण्याने धुऊन दिली आहे, त्यामुळे काळजी नाही. घ्यावी का?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : घेऊ नये.

प्रदर्शनात सांगितले ते झिओलाइट खाणीतून आलेले, कोरे असते. ते अमोनियम आणि पोटॅश धरून ठेवते आणि पिकाला हळूहळू देते, यात खोटे काही नाही. आपल्याला मिळणारी पावडर मात्र कारखान्याच्या सांडपाण्यात राहून आलेली आहे. ज्या गुणामुळे ती पोटॅश धरते त्याच गुणाने तिने कॅडमियम, शिसे आणि निकेल धरलेले असणार. खनिज कसेही सुधारलेले असो, ते धातूचा नाश करत नाही. त्याला पाण्यातून उचलून स्वतःजवळ ठेवते, आणि परिस्थिती बदलली की सोडून देते.

क्षारपड जमिनीत ती परिस्थिती हमखास बदलते. आपल्या जमिनीतील पाण्यात सोडियम विपुल आहे आणि सोडियम दाट असेल तर ते पोकळीतील धातूंना बाहेर काढते. कारखान्यात दगड पुन्हा ताजा करण्यासाठी हीच युक्ती वापरतात. दुसरे असे की, क्षारांबरोबर आलेले क्लोराइड कॅडमियमला विरघळलेल्या स्थितीत धरते, आणि त्यामुळे क्षारपड जमिनीतील पिके कॅडमियम अधिक उचलतात. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू जास्त असल्याने कॅडमियम एरवी बऱ्यापैकी दबून राहते, म्हणून गगनबावड्याकडील आम्लधर्मी तांबड्या जमिनीच्या तुलनेत आपल्याकडे धोका कमी असायला हवा. क्लोराइड तो फायदा कमी करते. पालेभाज्या आणि भात ही कॅडमियम घेण्यात पुढे असलेली पिके आहेत. जपानमध्ये तोयामा प्रांतातील जिंझू नदीत वरच्या बाजूच्या कामिओका खाणीतून कॅडमियम येत राहिले, ते पाणी भातशेतीला मिळाले आणि भात खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदनांचा ‘इताई-इताई’ नावाचा आजार पसरला. १९६८ मध्ये तेथील सरकारने तो प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. कॅडमियम शरीरात, विशेषतः मूत्रपिंडात, दशकानुदशके राहते.

विषारी धातू धरलेले असे खनिज २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येऊ शकते आणि तसे असल्यास ते अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे, उदाहरणार्थ रांजणगावला, नोंदीसह पाठवण्याची जबाबदारी कारखान्याची असते. तेथे सिमेंट-चुन्यात बांधून ते अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. त्याला खर्च येतो, आणि आपल्याला ती पावडर फुकट का मिळते याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

आपण किंवा शेजाऱ्यांनी ती आधीच पसरली असेल तर नांगरून खोल मिसळू नये. वरच्या १५ सेंटिमीटरचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत एकूण कॅडमियम, शिसे, निकेल आणि क्रोमियम तपासायला सांगावे. नेहमीच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत अशा धातूंपैकी जस्त, लोह, मँगनीज आणि तांबे एवढेच असते, बाकीचे धातू मागितल्याशिवाय तपासले जात नाहीत. निकाल येईपर्यंत त्या तुकड्यात मेथी, पालक, पोकळा घेऊ नये.

राहिला मिठाच्या पाण्याने धुतल्याचा मुद्दा. तसे खरोखर धुतले असेल तर पावडरीतील बरेचसे धातू त्या पाण्यात उतरले आहेत. पंचगंगा शिरोलीच्या पुलाखालून निघून आपल्या तालुक्यातूनच नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. तेव्हा ते धुतलेले पाणी कोठे सोडले, एवढे त्यांना अवश्य विचारावे.